एका ‘धन्यवाद’ची किंमत

आमच्या सोसायटीत 62 घरं. टाकी धुवायची असली की सगळ्यांना एसएमएस करायचं काम माझ्या गळ्यात. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, पण तिथे सूचना ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडली जाते. परवा लिहिलं: ‘मंगळवारी सकाळी पाणी येणार नाही. कृपया आदल्या दिवशी साठा करून ठेवावा.’ पुढे सवयीने ‘धन्यवाद’ जोडलं, तर एकाचे दोन मेसेज झाले. 62 चे 124, आणि पॅकमध्ये रोजचे 100!

गंमत मोजणीत आहे. फोन आणि टॉवर यांच्यात कॉल जुळवण्यासाठी, फोन कुठे आहे हे कळवण्यासाठी निरोपांची एक वेगळी वाट असते. एसएमएस त्याच वाटेने जातो, म्हणून त्याला जागा बेताची: 140 बाइट, म्हणजे 1120 बिट (0 किंवा 1 च्या खुणा). इंग्रजी अक्षराला 7 बिट पुरतात, म्हणून 160 अक्षरं. देवनागरीला प्रत्येकी 16 लागतात, म्हणून 70.

तीही आपण समजतो तशी अक्षरं नव्हेत. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळ्यांची वेगळी मोजणी. ‘श्री’ डोळ्यांना एक अक्षर. फोनला श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार. माझी सूचना 68 वर थांबली होती. मधली मोकळी जागा आणि ‘धन्यवाद’ मिळून 76. मेसेज तुटला की तुकडे जोडण्याची खूणही आत भरावी लागते, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात 67 च मावतात. इंग्रजीवाल्यांनीही हसू नये: एक इमोजी टाकला की त्यांचा अख्खा मेसेज 70 च्या हिशोबात येतो.

160 पुरतील हा अंदाज जर्मन अभियंता फ्रिडहेल्म हिलेब्रांड यांचा. 1985 मध्ये त्यांनी टाइपरायटरवर वाक्यं टंकून अक्षरं मोजली. मराठी जोडाक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती, हे उघड आहे.

पाठवलेला मेसेज थेट समोरच्या फोनवर जात नाही. आधी कंपनीच्या एसएमएस केंद्रात जातो. ते केंद्र समोरचा फोन कुठल्या भागात आहे ते विचारून घेतं. फोन बंद असेल तर मेसेज ठेवून पुन्हा प्रयत्न करतं. पोस्टमन कुलूप बघून परत येतो, तसंच.

रोजचे 100 हा आकडाही जुना आहे. जाहिरातींचा मारा रोखायला दूरसंचार नियामक ट्रायने 2012 मध्ये एका सिमवरून दिवसाला 100 च्या पुढच्या प्रत्येक मेसेजला किमान 50 पैसे लावायला सांगितलं. 2020 मध्ये ती अट गेली, तरी पॅकमधला 100 राहिला. आता लगाम दुसरीकडे आहे. बँकांना, दुकानांना आपलं नाव आणि मेसेजचा साचाही आधी नोंदवावा लागतो. रक्कम, तारीख एवढंच बदलता येतं. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी पी दिसला तर जाहिरात, टी म्हणजे व्यवहार, एस म्हणजे सेवा, जी म्हणजे सरकार. नको असलेल्या जाहिरातीची तक्रार 1909 वर करता येते.

माझी सूचना शेवटी ‘धन्यवाद’ गाळून गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात म्हणाल्या, ‘‘काय हो, एवढं कोरडं?’’