२५ मिलिमीटरचे दार : ब्लू टिटच्या पेटीमागचा इतिहास

ब्रिटनमधल्या परसबागांत झाडाला किंवा भिंतीला ठोकलेल्या घरट्याच्या पेटीचे भोक २५ मिलिमीटर व्यासाचे असेल, तर ती ब्लू टिट या चिमुकल्या पक्ष्यासाठी आहे असे समजावे. निळी टोपी, पिवळे पोट आणि वजन जेमतेम ११ ग्रॅम. भोक २८ मिलिमीटरचे केले की थोराड ग्रेट टिट जागा बळकावतो. ३२ला चिमण्या येतात. आपल्याकडच्या चिमण्यांच्या पेट्यांचे भोकही साधारण एवढेच असते.

पक्ष्यांना घर बांधून देण्याची हौस जुनीच. यॉर्कशरमधल्या वॉल्टन हॉलच्या आवारात निसर्गअभ्यासक चार्ल्स वॉटरटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पक्ष्यांसाठी खास जागा बांधल्या होत्या. पण पेटीला शिस्त लावली ती जर्मनीत, थुरिंगियातल्या झेबाखच्या हान्स फॉन बर्लेप्श या पक्षीअभ्यासकांनी. सुतार पक्ष्याने कोरलेल्या ढोलीची नक्कल त्यांनी लाकडाच्या ओंडक्यात उतरवली. प्रवेशाची वाट आत जाताना किंचित वर चढणारी, म्हणजे पावसाचे पाणी आत जात नाही. तळ खोलगट, म्हणजे अंडी इकडेतिकडे घरंगळत नाहीत. हेतू अगदी व्यवहारी होता : ओकची पाने फस्त करणाऱ्या अळ्या पक्ष्यांकरवी आटोक्यात ठेवायच्या.

कीडनियंत्रणाचे हे साधन पुढे मोजणीचे साधन झाले. नैसर्गिक ढोली उंच आणि अंधारी. पेटीचे झाकण मात्र उघडता येते. ऑक्सफर्डजवळच्या वायटॅम जंगलात पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४७मध्ये टिट पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला आणि तो आजही चालू आहे. मादी ठरावीक संख्येनेच अंडी का घालते, हा त्यांचा प्रश्न. जेवढ्या पिल्लांना नीट भरवता येईल तेवढीच, हे त्यांचे उत्तर. तिथल्या लाकडी पेट्यांत वीझल हा सडपातळ, लांबट शिकारी प्राणी शिरून घरटीच्या घरटी संपवायचा. १९७०च्या दशकात भुसा-सिमेंटच्या, टांगत्या पेट्या आल्या आणि हा उपद्रव एकदम घटला. याच नोंदींमधून दिसले की ग्रेट टिटची वीण १९६०च्या दशकाच्या तुलनेत सुमारे दोन आठवडे अलीकडे सरकली आहे. अळ्या लवकर निघू लागल्या, पक्षीही लवकर अंडी घालू लागले.

आजचे निरीक्षणाचे नियम याच अनुभवातून आले. फेब्रुवारीत पक्षी भोके तपासू लागतात, म्हणून ब्रिटनमधला ‘नॅशनल नेस्ट बॉक्स वीक’ (पेट्या लावण्याचा आठवडा) १४ फेब्रुवारीला सुरू होतो. एप्रिलमध्ये शेवाळाची गादी तयार झाली की मादी रोज सकाळी एक अंडे घालते, सहसा ८ ते १२. इथे नवखे हमखास फसतात : वीण पुरी होईपर्यंत ती अंडी लोकर-केसांच्या अस्तराखाली झाकून जाते, आणि वरून पाहणाऱ्याला घरटे सोडून दिलेले वाटते. अस्तर उचकटू नये. उबवण साधारण दोन आठवडे, पिल्ले उडायला आणखी १८ ते २१ दिवस. पिल्ले १४ दिवसांची झाली की झाकण उघडणे बंद करावे, कारण दचकलेली पिल्ले पंख पुरते यायच्या आधीच बाहेर उड्या टाकतात.

कॅमेरा हवा असेल तर तो शरद ऋतूतच, रिकाम्या पेटीच्या छताला बसवावा. शेवाळाची गादी बरीच उंच येते. पेटी बुटकी असेल तर घरटे थेट भिंगापाशी पोहोचते आणि पिल्ले धूसर दिसतात. भोकाखाली बसायला दांडी लावू नये : टिटला तिची गरज नसते, शिकाऱ्याला मात्र आयता आधार मिळतो. सुतार पक्षी भोक मोठे करून पिल्ले ओढून नेतो, त्यासाठी भोकाभोवती धातूची पट्टी ठोकावी. हंगाम संपल्यावर जुने घरटे काढून पेटीत उकळते पाणी ओतावे, पिसवा मरतात. कीटकनाशक वापरू नये.