आरेच्या टेकड्यांवरचा वणवा : पार्श्वभूमी

३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी मुंबईत गोरेगाव पूर्वेला, आरेच्या टेकडीवर पेटलेली आग रात्रभर धुमसत राहिली. बंब पायथ्याला पोचले, पण चढावर गाडी जाईना. अशी आग शेवटी माणसांनी चढून, ओल्या फांद्यांनी झोडपूनच विझवावी लागते.

जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा ठरवलं. जाळरेषांची पद्धत तर त्याहून जुनी: ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातलं गवत कापायचं आणि देखरेखीखाली जाळायचं, म्हणजे वणवा तिथे अडतो. राज्यात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात आणि जाळरेषा त्याआधी उरकतात. मुंबईच्या टेकड्यांवरचं गवत मात्र दिवाळीनंतरच पिवळं पडू लागतं. २०१८ ची आग हंगामाच्या सुमारे अडीच महिने आधीच लागली होती.

पण जाळरेषा काढायची ती वनात, आणि आरे वन आहे की नाही यावरच खरा वाद झाला. १९४९ मध्ये ही जमीन दुग्धवसाहतीसाठी गेली. कागदावर ती गोठ्यांची आणि चाऱ्याची जमीन, पण तिथले साग, पळस, बांबू, बिबटे आणि वारली पाडे काही कागद बघून राहत नव्हते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन. तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये, मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडण्याच्या प्रकरणात, आरेला वन जाहीर करण्याची मागणी उच्च न्यायालयात फेटाळली गेली आणि त्याच रात्री झाडं पडू लागली. त्या झाडांबद्दल पुष्कळ बोललं गेलं. ‘वन नाही’ म्हटल्यावर त्या उतारांवरचं गवत वेळेत कापणं नेमकं कोणाचं काम, हे कोणी विचारलं नाही. माझ्या मते प्रश्न तोच होता.

पुढे तीन हजारांहून अधिक एकरांपैकी सुमारे ८१२ एकर राखीव वनासाठी काढण्यात आले. हे व्हायलाच हवं होतं, पण त्याने एक नवी अडचण आली. इथलं कारवीचं झुडूप आठ वर्षांनी एकदाच फुलतं, मग बी धरून वठतं. २०१६ नंतर कारवी २०२४ मध्ये फुलली. वठलेल्या काठ्या पुरुषभर उंच आणि सरपणाहून कोरड्या. एकीला लागली की अख्खा उतार पेटतो. पाड्यांवर याच काठ्या बांधून, शेणमातीने लिंपून घराचे कुड उभे करतात. राखीव वनात मात्र परवानगीशिवाय काठी तोडता येत नाही. वठलेल्या कारवीपुरती ती परवानगी पाड्यांना नोव्हेंबरमध्येच मिळाली, तर तेवढं सरपण डिसेंबरपूर्वी उतारावरून खाली येईल.