एल्फिन्स्टन संहिता (१८२७)

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने १ जानेवारी १८२७ रोजी मंजूर केलेला विनियमांचा, म्हणजे त्या काळच्या रेग्युलेशनांचा, एकत्रित संच. मुंबईचा गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (कारकीर्द १८१९–२७) याच्या नावाने तो ओळखला जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून प्रसंगाप्रसंगाने काढलेले सुटे विनियम रद्द करून दिवाणी न्यायालये, दावा लावण्याची मुदत, लवाद, वारसा, पोलीस, गुन्हे व शिक्षा, जमीन महसूल अशी विषयवार मांडणी त्यात केली होती. ही संहिता मुंबई इलाख्याच्या मुलखासाठी होती. मुंबई बेटावर इंग्रजी कायदा चालणारे वेगळे सर्वोच्च न्यायालय होते आणि सातारचे राज्य छत्रपती प्रतापसिंहांकडे होते. दख्खन व खानदेश हे प्रांत त्याच वर्षीच्या २९व्या विनियमाने संहितेखाली आले.

जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला आणि पेशव्यांचा मुलूख कंपनीच्या हाती पडला. तेव्हा एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर होता. बंगालमध्ये कंपनीने एका झटक्यात न्यायालये आणि कायदे लादले होते व त्यातून झालेला गोंधळ त्याला ठाऊक होता. म्हणून चालू व्यवस्था मोडायची नाही, तिच्यातला गैरव्यवहार तेवढा काढायचा, हे धोरण त्याने धरले. बाजीरावाच्या काळातली मामलतींची इजारेदारी, म्हणजे वसुलीचा ठेका देण्याची पद्धत, बंद झाली, पगारी मामलतदार नेमले गेले आणि पुण्यात रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, धारवाडला चॅप्लिन असे कलेक्टर बसले. जिंकलेल्या मुलखाविषयी ऑक्टोबर १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने जो अहवाल पाठवला, त्यात गावगाड्याचे वर्णन आहे. वरची सगळी सरकारे उठून गेली तरी आपल्या माणसांचे रक्षण करायला ही गावे जवळजवळ पुरेशी आहेत, असे त्याने लिहिले. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बारा बलुतेदार, वेशीवरचा महार, रात्रीचा जागल्या हे सारे त्याने बारकाईने नोंदवले. मात्र हे चित्र वाचताना एक भान ठेवावे लागते. त्याच गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्यांना त्या व्यवस्थेत काय वाट्याला येत होते, ते या कौतुकात दिसत नाही.

संहितेने काय बदलले हे कळण्यासाठी आधीचा निवाडा कसा होई ते पाहिले पाहिजे. भाऊबंदकीचा किंवा देण्याघेण्याचा तंटा आधी पाटलाकडे जाई. तो समजूत घालून मिटवायचा प्रयत्न करी. नाहीच मिटले तर पंचायत बसे, बहुधा पारावर किंवा देवळात. दोन्ही पक्षांकडून ‘राजीनामा’ लिहून घेत. आज हा शब्द नोकरी सोडण्यासाठी वापरतो, तेव्हा त्याचा अर्थ पंचांचा निकाल मान्य करण्याची लेखी राजी असा होता. सोबत जामीन घेतले जात. मग तकरिरा (दोन्ही पक्षांची लेखी म्हणणी), कागदपत्रे, साक्षी आणि अखेर ‘सारांश’, म्हणजे पंचांचा निष्कर्ष. वाद सरकारातून आलेला असल्यास त्यावरून निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याने सरकारात ‘हरकी’, म्हणजे जिंकल्याची रक्कम, भरायची, हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’, म्हणजे दंड. सावकाराला तर याहून जवळची वाट होती, ती तकाज्याची: ऋणकोच्या दारात धरणे धरून बसायचे आणि त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. पंच वेळेवर जमत नाहीत, त्यांना बसवण्याचे साधन नाही, ओळखीपाळखी आणि लाच चालते, निकालाची अंमलबजावणी होईलच असे नाही, हे दोष एल्फिन्स्टनने स्वतः लिहून ठेवले होते. तरीही ‘पंच परमेश्वर’ ही लोकांची भावना त्याने ओळखली आणि पंचायतीलाच न्यायाचे मुख्य साधन करायचे ठरवले.

१८२७च्या संहितेत पंचायत आली ती सातव्या विनियमातून, लवादाच्या रूपाने. पक्षकारांनी लेखी करार करायचा, लवादांची नावे आणि मुदत घालायची, निकाल न्यायालयात दाखल करायचा. कागदावर हे जुन्या राजीनाम्यासारखेच दिसते. फरक असा पडला की आता शेजारीच मुन्सफाचे, म्हणजे खालच्या दिवाणी न्यायाधीशाचे, न्यायालय उभे होते. ज्याला निकाल लांबवायचा होता, ज्याच्याकडे पैसा होता किंवा ज्याला गावाच्या दबावातून सुटायचे होते, त्याने पंचांपुढे का जावे? पंचायतीचा जोर कधीच लेखी नियमात नव्हता. गाव एकत्र बसले की माणसाला तिथून उठून जाता येत नसे, यात तो होता. पाटलाच्या शब्दाला सरकारचा जो मूक आधार असे, तोही गेला. बाराव्या विनियमाने पाटील पोलीस व्यवस्थेची सर्वांत खालची पायरी झाला: गुन्ह्याची खबर द्यायची, संशयिताला धरायचे आणि वर पाठवायचे. पंचायत कोणी बंद केली नाही. ती रिकामी होत गेली, आणि तेही तिचे मनापासून कौतुक करणाऱ्या राज्यकर्त्याच्या हातून. प्रस्तुत लेखकाला या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

संहितेतले सर्वांत मोलाचे कलम चौथ्या विनियमाचे २६वे. न्यायाधीशाने कोणता कायदा लावायचा याचा क्रम त्यात घालून दिला होता: आधी ब्रिटिश पार्लमेंटचे कायदे आणि सरकारचे विनियम, ते नसतील तर देशरिवाज, रिवाज नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि तोही नसेल तर न्याय, समता व सद्‌विवेक. शास्त्राच्या पोथीआधी प्रत्यक्ष रूढीला जागा देणे ही त्या काळात मोठी गोष्ट होती. त्यासाठी रूढी गोळा कराव्या लागल्या. आर्थर स्टील याने सरकारच्या आज्ञेने दख्खनमधल्या जातीजातींच्या चालीरीतींचा संग्रह केला, तो १८२७च्या सुमारास छापला गेला. पाट (पुनर्विवाह), फारकत (काडीमोड), दत्तक, वाटणी असे विषय त्यात आहेत. दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या विनियमाने जातीच्या प्रश्नांत न्यायालयाने हात घालू नये असे ठरवले. जातीवरून अब्रूची हानी झाल्यास भरपाईचा दावा तेवढा चाले. वाळीत टाकण्याची जातपंचायतीची सत्ता त्यामुळे दीर्घकाळ अबाधित राहिली.

कायदा सर्वांना सारखा, हे तत्त्वही पुरते नव्हते. दख्खनच्या सरदारांना साध्या न्यायालयात खेचले जाऊ नये म्हणून त्यांचे वर्ग पाडून सरदारांसाठी वेगळा एजंट नेमला होता. बेटावरचे न्यायालय आणि मुलखाचे सरकार यांच्यात तर उघड झगडा झाला. पुण्यातल्या मोरो रघुनाथ या मुलाला त्याचा वडीलधारा नातेवाईक पांडुरंग रामचंद्र याच्या ताब्यातून हजर करावे, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने १८२८ मध्ये काढला. गव्हर्नर माल्कमने तो बजावू दिला नाही. न्यायाधीश ग्रँट याने १८२९ मध्ये न्यायालयच बंद ठेवले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे अखेरचे अपील ऐकणाऱ्या मंडळाने, सरकारची बाजू उचलली.

स्थानिक सरकारचा कायदे करण्याचा हा अधिकार फार टिकला नाही. ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीसाठी केलेल्या १८३३च्या सनदी कायद्याने तो कलकत्त्याला गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलकडे गेला. संहितेतला गुन्हेगारी भाग, म्हणजे चौदावा विनियम, भारतीय दंडविधान लागू होईपर्यंत (१८६२) चालला. न्यायालयांचे गावावर झालेले परिणाम मात्र वाढत गेले. सावकार तालुक्याला जाऊन दावा लावी, कुणबी हजर राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची रोखे-खतेच जाळली. त्यानंतरच्या १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुन्हा गावमुन्सफ आणि सलोखा करणारे मध्यस्थ आणले.

दोन विनियमांचे आयुष्य विलक्षण लांब ठरले. पंचविसावा विनियम खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याचा. १८९७ मध्ये पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना त्याखाली पकडले. ५ मे १९३० रोजी मध्यरात्रीनंतर दांडीजवळच्या कराडी गावात महात्मा गांधींना उठवून अटक झाली तीही याच विनियमाखाली; त्यांना येरवड्याला नेले गेले. आठवा विनियम वारसांसंबंधीचा आहे आणि तो महाराष्ट्रात आजही चालतो. वडील गेल्यावर जमीन किंवा घर नावावर करताना वारस दाखला मागितला गेला की वकील दिवाणी न्यायालयात ‘मुंबई विनियम आठ, १८२७’ खाली अर्ज करतो. न्यायालय जाहीर नोटीस काढते, हरकतीसाठी एक महिना थांबते आणि कोणी आले नाही तर दाखला देते.