पी ०४२० आला म्हणून कन्व्हर्टर बदलू नका

पेट्रोल गाडीत 'चेक इंजिन'चा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर जोडतात, 'पी ०४२०' हा कोड दिसतो आणि लगेच सांगितलं जातं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा, एक्झॉस्टच्या पाइपातला डबा) गेला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असल्याने बिलही मोठं येतं. पण कोड फक्त एवढंच सांगतो की गाडीच्या संगणकाने घेतलेली कन्व्हर्टरची एक चाचणी नापास झाली. ती का नापास झाली, याचे धागेदोरे त्याच स्कॅनरच्या 'लाइव्ह डेटा'त, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांत असतात. ते पाहायला बरीच गॅरेजेस वेळ देत नाहीत, याचं वाईट वाटतं.

कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे धुरातला ऑक्सिजन जोखणारे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. संगणक मिश्रण या प्रमाणाच्या किंचित अलीकडे-पलीकडे हलवत राहतो, त्यामुळे पहिल्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतं. कन्व्हर्टरमधलं सेरियम ऑक्साइड जादा झालेला ऑक्सिजन साठवतं आणि कमी पडला की सोडतं. म्हणून इंजिन तापल्यावर दुसऱ्या सेन्सरची रेघ जवळपास सपाट दिसायला हवी. साठवण्याची ताकद संपली की तीही पहिलीसारखीच नाचू लागते. (अनेक नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वेगळ्या जातीचा असतो आणि त्याची रेघ अशी नाचत नाही, तिथे दुसरीवरच लक्ष ठेवावं.)

मात्र सेन्सरजवळ एक्झॉस्टच्या पाइपाला चीर असेल, तरी बाहेरची हवा आत शिरते आणि आकडे बिघडतात. वेल्डिंगने भागणाऱ्या कामासाठी कन्व्हर्टर बदलला जातो तो असा.

दुसरा आकडा 'फ्युएल ट्रिम'चा. संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय, ते त्यात कळतं. गाडी उभी असताना ट्रिम २० टक्के अधिक आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आली, तर इनटेकमध्ये (इंजिनला हवा नेणाऱ्या मार्गात) कुठून तरी चोरटी हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा. बहुधा तडकलेली रबरी नळी निघते. उलट इंजिनवरचा लोड वाढेल तशी ट्रिम वाढत गेली, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा.

कन्व्हर्टर खरोखर निकामी झाला असला, तरी तो कशाने मेला हे शोधावंच लागतं. मिसफायर होत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकतो तो यासाठीच. तेव्हा गाडी दामटू नये. इंजिन ऑइल जाळत असेल तर त्यातला फॉस्फरस धातूंवर थर धरतो. मूळ दोष तसाच ठेवून बसवलेला नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो.

कोड पुसल्यावर दिवा विझतो, पण त्याबरोबर 'रेडिनेस मॉनिटर'ही (कोणत्या चाचण्या पूर्ण झाल्या याच्या नोंदी) कोरे होतात, म्हणजे चाचणी अजून व्हायची असते. ती पूर्ण होण्यासाठी थंड इंजिन सुरू करून शहरात आणि हायवेवर एकसारख्या वेगाने गाडी चालवावी लागते. कधी कधी काही दिवस जातात. स्कॅनरवर कॅटॅलिस्टचा, म्हणजे कन्व्हर्टरचा, मॉनिटर पूर्ण झालेला दिसला आणि कोड परत आला नाही, की मगच दुरुस्ती झाली असं धरावं.