गरम असणं वेगळं, गरम राहणं वेगळं

गुरूच्या युरोपा या चंद्रावर हॉटस्पॉट, म्हणजे आसपासपेक्षा गरम जागा, असं कुठे वाचलं की लोक थेट आतून उष्णता येतेय इथपर्यंत पोचतात. जरा थांबा, तापमान आणि थर्मल इनर्शिया यांची इथे कायम गल्लत होते.

तापमान म्हणजे त्या क्षणी इन्फ्रारेडमध्ये दिसलेला आकडा, बस. थर्मल इनर्शिया हा जमिनीचा स्वभाव, ती किती हळू तापते आणि किती हळू निवते. मे महिन्यात कोकणात भर दुपारी पुळणीवर अनवाणी चाललात तर पाय पोळतात, पण रात्री तीच वाळू गार, आणि सड्यावरचा कातळ मात्र जेवणं उरकून जाऊन बसलं तरी कोमट लागतो. ऊन दोघांना सारखंच. सुट्या कणांतून उष्णता खाली उतरत नाही, वरचा पातळ थर तेवढा तापतो. या चंद्रांवर तर कणांमध्ये हवासुद्धा नाही, मग विचारूच नका.

आकड्यांत सांगायचं तर (एककात सेकंदाचं वर्गमूळ येतं, म्हणून ते सोडून देतो) सलग घट्ट बर्फाची इनर्शिया २००० च्या आसपास, आणि शनीच्या मिमास या चंद्रावरच्या भुसभुशीत भागाची १६ च्याही खाली! २०१० मध्ये कॅसिनी यानाच्या मोजमापातून मिमासचा तापमान-नकाशा आला तेव्हा त्यात चक्क पॅकमॅन (त्या जुन्या व्हिडिओ गेममधलं तोंड उघडलेलं गोल चित्र) दिसला, एक भाग उणे १८१ अंश सेल्सिअस आणि उरलेला उणे १९६. आत काही पेटलेलं नव्हतं हो, फिरताना पुढे असणाऱ्या बाजूवर वेगवान इलेक्ट्रॉन आदळून आदळून तिथले कण एकमेकांना चिकटलेत, इनर्शिया ६६ च्या घरात गेलीय, म्हणून तो उणे १९६ वाला भाग दिवसा थंड आणि रात्री त्यातल्या त्यात ऊबदार.

युरोपाचं तेच. हबल दुर्बिणीला जिथे पाण्याचे फवारे दिसल्यासारखे वाटले त्याच भागात गॅलिलिओ यानाला रात्री तापमान जरा जास्त दिसलं होतं, झालं, सगळे खूश. पण २०१७ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीची दिवसाची मोजणी शेजारी ठेवली तर दिवसा तिथे काहीच वेगळं नाही, नुसती इनर्शिया जास्त धरली की हिशोब जुळतो.

शनीच्या एन्सेलाडस या चंद्राचा दक्षिण ध्रुव मात्र खरा मामला. तिथे ऊन तिरपं, म्हणजे विषुववृत्तापेक्षा थंड असायला हवं, आणि २००५ मध्ये कॅसिनीला उलटंच दिसलं, भेगांजवळ तर सगळ्यात गरम. उन्हातून मिळालेलीच नाही ती उष्णता जमीन साठवणार कुठून?

म्हणून एका फोटोवर भरवसा नको, तीच जागा दिवसा-रात्री दोन्ही वेळा मोजायला लागते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या युरोपा क्लिपर यानावर त्यासाठीच ई-थेमिस हा इन्फ्रारेड कॅमेरा आहे, पोचायला २०३० उजाडेल.