दळणारीचे गुडघे

होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या विसाव्या सर्गात पहाटेचा एक प्रसंग आहे. इथाका बेटाचा राजा ओडिसियस 20 वर्षांनी घरी आलाय, पण भिकाऱ्याच्या वेशात, आणि झोपलाय ओसरीवर. त्याच्या बायकोशी लग्न करायला टपलेले शंभरावर उमराव वाड्यात फुकटचं जेवतायत. वाड्यात पीठ दळायला 12 बायका आहेत. 11 जणी आपापल्या वाट्याचं दळून झोपल्या. बारावी, सगळ्यांत अशक्त, अजून दळतेच आहे. निरभ्र आकाशात गडगडाट होतो तशी ती हात थांबवते आणि देवांचा राजा झ्यूस याला साकडं घालते: आजचं जेवण यांचं शेवटचं ठरू दे, यांच्यासाठी पीठ करता करता माझे गुडघे सुटले.

ओडिसियसला हा शुभशकुन वाटतो, तो खूश होतो. तिचं नाव मात्र आपल्याला कळत नाही.

‘गुडघे सुटणं’ हा होमरचा नेहमीचा शब्दप्रयोग आहे. त्याच्या दुसऱ्या महाकाव्यात, ‘इलियड’मध्ये, भाला लागून योद्धा कोसळतो, तेव्हा त्याचे गुडघे असेच सुटतात. रणांगणावरच्या मरणाची भाषा कवीने इथे दळणाऱ्या बाईच्या तोंडी दिली आहे.

आणि ती नुसती अलंकारिक नाही. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर इथे गोल फिरणारं जातं येईल, कदाचित ओवीही आठवेल. पण फिरतं जातं ग्रीसमध्ये फार नंतर आलं. त्या काळचं साधन आपल्या पाटा-वरवंट्याच्या जवळचं: खाली मधोमध झिजलेला दगड, त्यावर दोन्ही हातांनी पुढे-मागे रेटायचा दुसरा दगड. गुडघ्यांवर बसायचं, पायाची बोटं मागे दुमडून जमिनीत रोवायची आणि अख्ख्या अंगाचा भार द्यायचा. उत्तर सीरियातल्या अबू हुरेरा या नवाश्मयुगीन वस्तीत मिळालेल्या सांगाड्यांवर या कामाच्या खुणा सापडल्या आहेत: झिजलेले पायाच्या अंगठ्यांचे सांधे, गुडघे, कमरेचे मणके. त्या वस्तीचा होमरशी संबंध नाही, ती हजारो वर्षं जुनी. पण दगड त्याच जातीचा.

राजे-वीरांच्या या काव्यांत कष्टकरी माणसं अनेकदा उपमांतून आत शिरतात. ‘इलियड’च्या बाराव्या सर्गात तटबंदीपाशी तुंबळ लढाई चालू आहे, कुणीच मागे हटत नाही. कसं? तर हातात मोजकाठ्या घेऊन बांधावरून भांडणाऱ्या दोन शेतकऱ्यांसारखं. थोड्याच ओळींनंतर एक बाई येते, मजुरीवर सूत कातणारी. पोरांसाठी चार पैसे मिळावेत म्हणून ती तराजूत लोकर तोलते आहे, दोन्ही पारडी अगदी समान ठेवून. ऐकणाऱ्यांना युद्धापेक्षा तराजू ओळखीचा असणार, म्हणून कवी तिकडे वळतो, असं मला वाटतं.

अशा बायका खरोखर होत्या का? ही काव्यं साधारण इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास आकाराला आली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण 1939 मध्ये दक्षिण ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यात मातीच्या कोरीव पाट्या सापडल्या, त्या त्याहून चारेक शतकं जुन्या. वाडा जळाला, कच्च्या पाट्या त्या आगीत भाजल्या गेल्या, म्हणूनच टिकल्या. 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी त्यांची लिपी उलगडली, तेव्हा भाषा जुनी ग्रीक निघाली. मजकूर अगदीच रुक्ष, कारकुनी: दळणाऱ्या बायका इतक्या, कातणाऱ्या इतक्या, त्यांची मुलं इतकी, शिधा म्हणून गहू आणि अंजिरं. काही गट मिलेटस, निडॉस, लेम्नॉस अशा समुद्रापलीकडच्या ठिकाणांच्या नावांनी नोंदलेले. म्हणजे बहुधा पकडून किंवा विकत आणलेल्या.

या गटांतल्या बायकांचे फक्त आकडे आहेत. क्रीट बेटावरच्या नोसॉसच्या राजवाड्यातल्या कारकुनांनी मात्र याच लिपीत बैलांची नावं लिहून ठेवली आहेत. त्यांतल्या एकाचा अर्थ लावतात ‘मद्यवर्णी’. होमर समुद्राला लावतो तेच विशेषण.