भूजल बाजार

भूजल बाजार : विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पैसे घेऊन अथवा पिकातील वाट्यावर दुसऱ्याला देण्याचा व्यवहार. भारतात तो बहुतांशी तोंडी चालतो. संपणाऱ्या नैसर्गिक संपत्तीचे रक्षण मुक्त बाजार करू शकतो काय, या जुन्या प्रश्नाची कसोटी पाहण्यास हा बाजार सोयीचा आहे. कारण येथे विकणारे पुष्कळ असतात, विक्रीवर सरकारी बंधन जवळपास नसते आणि शिल्लक साठा मात्र कोणालाच दिसत नाही.

उत्तर गुजरातेत पाणी पंपाच्या तासांवर विकले जाते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ते वाट्यावर देतात. पीक बुडाले तर पाणीवाल्याचेही बुडते, त्यामुळे ही पद्धत गरीब शेतकऱ्याला परवडते. तिसरा प्रकार टँकरचा. दुष्काळी उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा जगवण्यासाठी प्लॅस्टिकचे अस्तर लावलेल्या शेततळ्यात टँकर रिकामे केले जातात आणि तेथून ठिबकने झाडांच्या बुंध्याशी पाणी सोडले जाते. खेपेच्या दरात डिझेल, चालकाची मजुरी, अंतर आणि मालकाचा नफा हे सारे येते. ज्या खडकातून पाणी उपसले त्याची घट मात्र त्यात कोठेच येत नाही.

बाजाराच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद असा, की वस्तू दुर्मिळ झाली की भाव चढतो आणि भाव चढला की माणूस जपून वापरतो. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये दाखवून दिले, की खनिजाचा भाव व्याजदराच्या गतीने वाढणार असेल तर खाणमालकाला ते आज काढणे आणि उद्यासाठी ठेवणे सारखेच लाभाचे ठरते. हे गणित आपण राखलेले आपल्यालाच मिळेल या गृहीतावर उभे आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्ट खडकाचा असून पाणी त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात साठते. या भेगा बांध ओळखत नाहीत. १८८२ च्या भारतीय सुखाधिकार अधिनियमानुसार जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाचा, पण एका मालकाने यंदा न उपसलेले पाणी पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या बोअरला लागते. म्हणून पाणाड्याला बोलावून, तळहातावरचा नारळ उभा राहील तेथे, शेजाऱ्यापेक्षा शंभर फूट खोल बोअर मारणे हेच प्रत्येकाच्या दृष्टीने शहाणपण ठरते. ठिबकनेही उपसा घटतोच असे नाही, कारण वाचलेल्या पाण्यावर बहुधा आणखी एक एकर भिजवले जाते.

हा बाजार खऱ्या अर्थाने मुक्त नाही, असा आक्षेप घेतला जातो. शेतीपंपांना वीज सवलतीत मिळते आणि उसाला कायद्याने ठरवलेला किमान दर आहे, म्हणून किमतीचे संकेत बिघडतात. आक्षेपात तथ्य आहे. विजेचा पुरा दर लावला तर उधळपट्टी निश्चित कमी होईल. परंतु त्याने महाग होईल तो उपसा. मर्यादा कोठे, हे त्यातून ठरत नाही आणि ज्याच्या हाती भांडवल आहे तो आणखी खोल जाऊ शकतो.

ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग खोऱ्याचे उदाहरण बाजाराचे समर्थक हमखास देतात. तेथे नदीच्या पाण्याचे हक्क जमिनीपासून वेगळे काढून विकता येतात आणि अवर्षणात पाणी भाताकडून फळबागांकडे वळले, हे खरे आहे. तथापि त्याआधी, १९९५ मध्ये, सरकारांनी एकूण उपशावर कमाल मर्यादा घातली होती. वाटप बाजाराने केले, पण किती वाटायचे हा निर्णय राजकीय होता.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना शेती व उद्योगांसाठी मनाई आहे. मराठवाड्यात त्याहून कितीतरी खोल बोअर सर्रास आढळतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे सिंचनासाठी बोअर घेण्यास गावानेच बंदी केली असून पावसाळ्यानंतर विहिरींची पातळी पाहून ग्रामसभा पिके ठरवते. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने तर पाणी जमिनीपासून तोडून माणसाला जोडले: दरडोई अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर आणि ऊस वर्ज्य. भूमिहीनांनाही पाण्याचा हिस्सा होता. जमीन विकली तरी तिच्यासोबत पाण्याचा हक्क जात नसे.